लिफ्ट बंद आहे

बहिणीने सकाळी फोन केला. वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही, कामावर जाण्याआधी बघून जा, म्हणाली. तो हत्यारांची पेटी घेऊन गेला, रिकामं मशीन एकदा फिरवलं आणि वाकून कान दिला. पाणी मुकाट्याने आत येत होतं, मुकाट्याने बाहेर जात होतं. मशीन ठणठणीत होतं.

“ताई, याला काही झालेलं नाही.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

तिच्या हातात नवऱ्याचे मोजे होते. गेले दोन महिने तीच ते त्याच्या पायांत चढवत होती, कारण त्याला वाकता येत नव्हतं. पाठीचा एक मणका सरकून नस दाबली गेली होती. डावं पाऊल बधिर होत चाललं होतं. घरात चालताना चप्पल मागे राहायची आणि त्याला पत्ताही नसायचा. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. तोवर पाठीला एकही दणका बसता कामा नये, असं त्यांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. बसला, तर ते पाऊल परत आपलं होईल याची खात्री ते देणार नव्हते.

“आणि आज बँडचा कार्यक्रम आहे,” भाऊ म्हणाला.

शेवटच्या गाण्यात खोक्यावरून उडी मारणार नाही, अशी नवऱ्याने शपथ घेतली होती. पण तिने त्याची बॅग उघडून पाहिली होती, आणि उडीचे लाल बूट तळाशी होते. आपण भावोजींशी बोलतो, असं तो म्हणाला, तर तिने त्याला तिथेच थांबवलं. मी सांगितलं असं कळलं तर मुद्दाम उडी मारतील, तुला हा माणूस ठाऊक नाही का?

“माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत,” ती म्हणाली. “तुझा ड्रम तेवढा ऐकतात. आज तू वाजवू नकोस.”

दिवसा एक ड्रम आणि संध्याकाळी दुसरा, असं त्याच्याबद्दल सगळे म्हणत. दिवसभर तो लोकांची वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी ‘उसवलेली गादी’ या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. चाळिशी ओलांडलेला, शिडशिडीत, बोलायला कंजूष. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. बहीण लग्न होऊन निघाली, तेव्हा कपड्यांच्या बॅगांबरोबर हा भाऊही घेऊन गेली. नव्या नवऱ्याने कुरकुर केली नाही. त्याचं गाद्यांचं दुकान होतं. पोरगं दिसेल ते बडवतं म्हटल्यावर त्याने त्याला मागच्या गोदामात नेलं, दोन काठ्या हातात दिल्या आणि रचलेल्या गाद्यांकडे बोट दाखवलं. बडव, म्हणाला, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही आणि गाद्यांची धूळही निघेल. पहिली काही वर्षं तो असा आवाज न करणारा ड्रम वाजवत होता.

बँडही त्याच गोदामात सुरू झाला. गाणारे भावोजीच. अवाढव्य देह, बारीक पाय आणि चेहरा असा, की नुसती भुवई उचलली तरी लोक हसायला लागत. ड्रमवाला त्यांना भावोजी म्हणायचा, म्हणून बासरीएवढ्या सहजपणे बेस गिटार हाताळणारी पोस्टातली बाईही भावोजी म्हणू लागली, मग ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन फुंकणारे जुळे भाऊ, मग प्रेक्षकही. तुमचं हे फंक म्हणजे कसलं संगीत, असं कोणी विचारलं, तर भावोजी सांगत, की जे ऐकताना डोकं म्हणतं गप्प बस आणि कंबर म्हणते, तू कोण सांगणारा. त्यांची गाणी हरवलेल्या मोज्यावर होती, जेवायला येऊन मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्यावर होती. सगळे घामाने निथळेपर्यंत नाचत, पडत, एकमेकांच्या अंगावर कोसळत. आणि शेवटचं गाणं ठरलेलं, ‘लिफ्ट बंद आहे’.

या गाण्यात भावोजी सामान घेऊन वरच्या मजल्यावर राहणारा भाडेकरू होत. रंगमंचावर माणसाहून उंच असा लाकडी खोका असे, बाजूने त्याला पायऱ्या. धापा टाकत, प्रत्येक मजल्यावरच्या शेजाऱ्याला शिव्या घालत ते वर चढत. वर पोहोचल्यावर आठवे, की किल्ली खालीच राहिली. मग बाकीची वाद्यं थांबत, ड्रमवर फक्त काठ्यांची थरथर सुरू होई, आणि ती जिथे फुटे, त्या ठोक्यावर भावोजी उडी मारून जमिनीवर असत. गवयी ज्याला सम म्हणतात, त्याला हे लोक नुसतं ‘एक’ म्हणत. वरून दिव्यांच्या झगमगाटात भावोजींना जमीन दिसत नसे.

“मी जमिनीवर उतरत नाही, मेहुणे,” ते म्हणायचे. “मी तुझ्या ‘एक’वर उतरतो.”

त्या संध्याकाळी हॉलवर पोहोचल्यावर ड्रमवाल्याने एकदा प्रयत्न करून पाहिला. आज शेवटचं गाणं गाळूया का, असं तो झांजेचा स्क्रू आवळत, त्यांच्याकडे न बघता म्हणाला. भावोजी खुर्चीच्या कडेवर टेकले होते, जणू आत्ताच उठायचं आहे. त्यांनी भुवई उचलली. मेहुण्याचे हात दुखतात का, दिवसभर बायकांच्या मशीनमध्ये हात घालून असंच व्हायचं, म्हणाले. जुळे फिदीफिदी हसले. पोस्टातली बाईही हसली.

तेवढ्यात त्याचं लक्ष बुटांकडे गेलं. लाल बूट त्यांनी चढवले होते, पण नाड्या बांधलेल्या नव्हत्या. दुमडून आत खुपसल्या होत्या. वाकता येत नाही आणि कोणाला सांगवत नाही. तो नकळत खाली बसू लागला. भावोजींनी पाय झटकन मागे घेतला.

“पाया काय पडतोस? आशीर्वाद कार्यक्रमानंतर.”

सगळे पुन्हा हसले. या बँडमध्ये कुठल्याही गोष्टीचं हसंच होत असे, आणि त्या हसण्याची त्याला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

हॉल गच्च भरला. पहिल्या गाण्यापासून लोक उभेच होते. भावोजी त्या संध्याकाळी असे नाचले, की ड्रमवाल्यालाही मधूनच शंका येई, ताईने उगाच तर घाबरवलं नाही? मग वळताना त्यांचा हात माइकच्या दांड्यावर घट्ट आवळलेला दिसे आणि शंका विरून जाई.

शेवटचं गाणं आलं. भावोजी पायऱ्या चढू लागले. धापा नेहमीच्याच, पण आज त्या खऱ्या होत्या. लोक ओरडत होते, “भावोजी, उडी! भावोजी, उडी!” ते वर पोहोचले, खिसे चाचपले, किल्ली सापडली नाही, हॉल हसला. वाद्यं थांबली.

वाजवू नकोस, ताई म्हणाली होती. पण काठ्या उचलताना त्याला कळलं, की तिचं ते म्हणणं चालणार नाही. तो गप्प राहिला, तर मेहुण्याचा घोटाळा झाला असं समजून, कार्यक्रम सावरायला भावोजी आधी उडी मारतील. आजवर त्यांनी असंच सावरलं होतं.

त्याने थरथर सुरू केली. आणि ती फोडलीच नाही.

भावोजींनी गुडघे वाकवले, ठोक्याची वाट पाहिली, पुन्हा ताठ झाले. लोक हसले. त्यांनी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं. लोक आणखी हसले. पुन्हा गुडघे वाकवले. ठोका आला नाही. मग त्यांनी माइक खाली धरला आणि मान वळवून मागे पाहिलं.

“टाक,” ते हळूच म्हणाले.

त्याने मान हलवली. नाही.

हे त्या दोघांनाच दिसलं. भावोजींच्या चेहऱ्यावरचं सोंग गळून पडलं. याला माहीत आहे, हे त्यांना त्या क्षणी समजलं, आणि त्यांना राग आला. गोदामातल्या दिवसांपासून इतक्या वर्षांत तो राग त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्यांनी तोंड फिरवलं आणि बुटांची टोकं खोक्याच्या कडेबाहेर काढली.

त्याची मनगटं जळू लागली होती. पोस्टातली बाई डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होती. एक काठी घामाने निसटून उडाली. त्याने एकाच हाताने रेटलं, चाचपडत पिशवीतून नवी काठी ओढली, थरथर तुटू दिली नाही. आता हसू थांबलं होतं. हॉलमध्ये तेवढा एकच आवाज होता. भावोजी आता ‘एक’शिवायच उडी मारणार, हे त्याला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

तेव्हा डावा बूट सुटला. आधी टाच बाहेर आली, मग बूट हळूहळू कलला, कडेवरून खाली गेला आणि रंगमंचावर टप्पकन आपटला. सगळा हॉल खदखदून हसला. लोक का हसले, हे एकट्या भावोजींना कळलं नाही. त्यांनी बूट पाहिला. मग स्वतःचा पाय पाहिला, सकाळी बायकोने चढवलेल्या मोज्यातला. बूट गेल्याचं त्या पायाने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

ते बराच वेळ पायाकडे बघत राहिले. काठ्या थरथरतच होत्या.

मग त्यांनी माइक तोंडाशी नेला.

“लिफ्ट बंद आहे,” ते म्हणाले. “मी जिन्याने येतो.”

ते वळले आणि खोक्याची कड धरून पहिली पायरी उतरले. ड्रमवाल्याने थरथर मोडून एक ठोका दिला. दुसरी पायरी, दुसरा ठोका. बधिर पाऊल प्रत्येक पायरीवर आधी चाचपून ठेवावं लागत होतं आणि तो थांबत होता, पाऊल टेकल्याशिवाय हात उचलत नव्हता. लोकांना वाटलं हा नवा विनोद आहे. हसून हसून त्यांचे डोळे भरून आले. शेवटच्या पायरीवरून मोजा घातलेला पाय जमिनीला लागला आणि ड्रमवाल्याने सगळं बळ एकवटून ‘एक’ दिला. सगळी वाद्यं त्यावर तुटून पडली.

कार्यक्रम संपल्यावर भावोजी आतल्या खोलीत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले. बाकीचे सामान आवरायला गेले. ड्रमवाला त्यांच्यासमोर खाली बसला आणि उजवा बूट काढू लागला. या वेळी पाय मागे गेला नाही.

“मला सगळ्यांसमोर वर लटकवलंस,” ते म्हणाले.

“हो.”

“तुझ्या बहिणीने सांगितलं?”

“मशीन बघायला बोलावलं होतं.”

“काय झालं होतं मशीनला?”

“काही नाही.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. बाहेर हॉलमध्ये अजून कोणीतरी “भावोजी!” म्हणून ओरडत होतं. त्याने दोन्ही बूट हातात घेतले, नाड्या बाहेर काढून सरळ केल्या आणि बॅगेत ठेवले.

“तिसरी पायरी हलते,” भावोजी डोळे न उघडताच म्हणाले. “पुढच्या वेळी खिळा मारून ठेव. आणि धरायला कठडा लाव एक.”