पाच टप्प्यांची माती

माझ्या एका फोनमुळे एका माणसाचा डोळा गेला. हे सभ्यपणे सांगणं मला जमत नाही. सांगायला बसले की मी दातओठ खाते, आणि ते स्वतःवरच.

तिसगावच्या बाजूला आमचं डाळिंबाचं रान आहे. उन्हाळ्यात पाझर तलाव आटला की सगळं गाव तिथला गाळ ट्रॅक्टरने ओढून शेतात पसरतं. आम्हीही पसरला. पुढच्या हंगामात झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. तलावाच्या काठावर भावकीतल्या एका काकांची शेड होती, पितळी तोट्यांना निकेलचा मुलामा देण्याची. त्यांचं घाण पाणी गाळात मुरलं, अशी वडिलांची खात्रीच झाली. कृषी सहायकाने खोड चिरून बुरशीचा मर रोग दाखवला होता, पण ऐकतंय कोण! मी नगरला एका प्रयोगशाळेत मातीतले जड धातू तपासते, म्हणून नमुना माझ्याकडे आला.

मी घाई केली. माती एकदम सगळ्या कडक आम्लांत विरघळवली आणि आकडा काढला. निकेल पुस्तकातल्या मर्यादेच्या कितीतरी वर. सोबत गाळ न टाकलेल्या रानातली मातीही तपासायची असते, हे शिकायला येणाऱ्यांना मी रोज बजावते. स्वतः केलं नाही. डोक्यात राग होता. भर दुपारी वडिलांना फोन लावला आणि म्हणाले, "अण्णा, निकेल हाय. लई हाय."

फोन पारावर होता, स्पीकर चालू.

तिथून वडील, चुलते आणि माझा भाऊ थेट शेडवर गेले. टिकावाच्या दांड्यांनी काकांच्या बरगड्या मोडल्या. खाली पडल्यावर लाथा घातल्या, तोंड फुटेस्तोवर. मग वडिलांनी पहार उचलली आणि तोट्या धुवायच्या आम्लाचा कॅन फोडला. ते काकांच्या तोंडावर उडालं. काकूंनी बादल्यांवर बादल्या ओतल्या, पण डोळा वाचला नाही. मला हे सगळं माहीत आहे, कारण भावाने मला व्हिडिओ पाठवला होता, मोठ्या अभिमानाने.

फिर्याद झाली. वडील जामिनावर सुटले आणि वकिलाने माझा रिपोर्ट मागितला, सहीशिक्क्याचा. सही करायला हात उठेना. मी माती पुन्हा घेतली, शेजारच्या रानातलीही, आणि या वेळी टप्प्याटप्प्याने गेले. बाहेरून मुरलेला धातू आधीच्या सौम्य टप्प्यांत सुटतो, दगडातला शेवटच्या कडक आम्लातच.

आधी मिठाचं साधं पाणी. नुसतं चिकटलेलं, मुळं पितात ते त्यात सुटतं. निकेल जवळजवळ नाहीच. मग व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल, चुनखडीत अडकलेल्यासाठी. नाही. मग लोखंडाच्या गंजात दडलेलं ओढून काढायला गरम रसायन. किंचित. मग पेरॉक्साइड, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याने धरून ठेवलेल्यासाठी. नळीतली माती फसफसून उसळली, झाकण उडालं, माझं मनगट भाजलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. तिथेही नाही. शेवटी काच खाणारं आम्ल. त्याने दगडाचे कण फोडले तेव्हा निकेल बाहेर आलं, जवळजवळ सगळंच. शेजारच्या मातीतही तेवढंच. आमच्या काळ्या दगडात ते पहिल्यापासूनच आहे. मी नळ्यांचा स्टँड भिंतीवर आपटला.

घरी जाऊन सांगितलं.

"दुसरा कागद फाड," वडील म्हणाले. "पयला दे."

"पयला निम्माच हाय, अण्णा."

"निकेल हाय का न्हाई त्यात?"

"हाय. पर आपल्या दगडाचं हाय. काकांचं न्हाई."

त्यांनी मुस्काटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. कान बधिर झाला. तो बधिर कान घेऊनच मी पोलीस ठाण्यात बसले, दोन्ही कागद दिले आणि फोन मीच केला होता असा जबाब लिहून दिला. वडिलांचा बचाव मी माझ्या हाताने मोडला, आणि मला त्याचं वाईट वाटतं. तरी पुन्हा मोडेन.

मग काकांकडे गेले. डोळ्यावर पट्टी होती, बरगड्यांमुळे नीट बसताही येत नव्हतं. मी रिपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. काकू भिंतीकडे बघत होत्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"ही दुसरी तपासणी कराया किती दिस लागले, पोरी?"

"पाच."

"पाच दिस थांबायचं हुतं," काका म्हणाले.