इन्व्हर्टरवरचा पंखा

व्हीआरएस घेतल्यावर बाबांनी शेअर बाजाराचं एक सॉफ्टवेअर विकत आणलं. पडद्यावर हिरवा बाण आला की घ्यायचं, लाल आला की विकून मोकळं व्हायचं. "माणूस हावरटपणाने बुडतो. यंत्राला भावना नसतात," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. जन्मभर चोख कारकुनी केलेला माणूस एका बाणाच्या इतका नादी लागावा, याचा मला राग यायचा. नालासोपाऱ्यातल्या तुळिंजच्या आमच्या फ्लॅटचं कर्ज अजून फिटायचं होतं आणि ते फेडायची रक्कम त्यांनी वायदे बाजारात लावली होती, जिथे एका दिवसात सगळं बुडू शकतं.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या गावी बहुधा लोडशेडिंग नसावं. आमच्याकडे ऐन बाजाराच्या वेळी, रोज दुपारी लाइट जायची. म्हणून बाबांनी इन्व्हर्टर घेतला आणि बॅटरी पुरावी म्हणून त्यावर फक्त कॉम्प्युटर आणि मोडेम चालेल, असा सक्त नियम केला. आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो.

मे महिन्यात घामाने थबथबलेले बाबा आईला बघवेनात. एके सकाळी ते बँकेत गेल्यावर तिने वायरमनला बोलावून पंखा इन्व्हर्टरला जोडून घेतला. दुपारी लाइट गेली, पण पंखा फिरतच राहिला.

"बघा, कसा वारा येतोय," आई म्हणाली. इतकी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. बाबांनी बटणाकडे हात नेला, तिच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "असू दे," म्हणाले.

त्या दिवशी लाइट वेळेवर आलीच नाही. बाजार घसरायला लागला होता. बाबा लाल बाणाची वाट बघत असतानाच बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. ब्रोकरचा फोन लागेना. सायबर कॅफे गाठावं, तर अख्ख्या तुळिंजची लाइट गेलेली. लाइट आली तेव्हा बाजार बंद झाला होता आणि बाबांची पुंजी बुडाली होती.

"काय हो झालं?" आईने विचारलं.

"बाजारच पडला. त्याला कोण काय करणार?" बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघायचं टाळलं.

फ्लॅट विकून आम्ही नालासोपाऱ्यातच भाड्याच्या खोलीत गेलो. आई त्या सॉफ्टवेअरला शिव्याशाप द्यायची आणि बाबा निमूट ऐकून घ्यायचे. मला ते बघून रडू यायचं.

बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या मावशीला आई सांगत होती, "एवढा घात झाला, पण त्या दिवशी निदान वाऱ्याखाली तरी बसले होते गं. तेवढं मला करता आलं."