ड्रायक्लीनिंगच्या गाडीतली मेथी

आमच्या भाजीच्या गाडीवर संध्याकाळी भाजीपेक्षा किस्सेच जास्त उरतात. उरलेली भाजी निदान गाईपुढे टाकता येते, किस्स्यांचं काय करायचं? मग मी ते घरी आणते आणि जेवताना सुरू करते. परवा आमचे हे म्हणाले, "अगं, गाईपुढे नाही टाकता येत म्हणून माझ्यापुढे टाकतेस का? लिहून काढ ना!" म्हणून लिहितेय. आधीच सांगून ठेवते, यातल्या बहुतेक किस्स्यांमध्ये मूर्ख मीच आहे.

गाडी सुरू झाली ती दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये. चर्चा मोदकांची चालली होती. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी उठून म्हणाले, "इथे आपण उकडीचे की तळणीचे यावर तासभर घालवतोय, आणि तिकडे मुनिरकात भाड्याच्या खोल्यांमधली पोरं नूडल्सवर जगतायत. मागच्या झोपडपट्टीत, त्या कॅम्पमध्ये तर ताजी भाजी पोचतच नाही. गाडीत घालून नेऊन द्यायला हवी कुणीतरी!"

"बिल्कुल! मग तुम्हीच घ्या ना पुढाकार, मीनाताई!" असं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि परत मोदकांवर आले. केंद्र सरकारच्या मंत्रालयात अख्खी नोकरी काढली, पण जो मुद्दा काढतो त्याच्याच टेबलावर फाइल येते, एवढं काही मला कळलं नाही.

माझ्यासोबत अडकली फरीदा. फरीदा शेख, मूळची सोलापूरची, ऑडिटमधून रिटायर झालेली. आणि गाडी चालवायला सुभेदार साळुंखे, मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. भाजी राजबालाची. नजफगढच्या पलीकडे तिचं गाव आहे. सकाळी तिच्या शेतावरून भाजी भरायची, तिला सोबत घ्यायचं, आणि कॉलनी, कॅम्प, मुनिरका असं करत विकत यायचं. कागदावर किती सोपं वाटतं, नाही का?

*

गाडी आम्ही सेकंडहँड घेतली, एका ड्रायक्लीनिंगवाल्याकडून. दोन्ही बाजूंना झकास हिरवा रंग मारून घेतला, 'ताज़ी सब्ज़ी, सीधे खेत से' असं लिहून घेतलं. मागच्या दारावर जुनंच 'ड्रायक्लीनिंग' राहिलं, कारण पेंटरला सूचना देणारी मी होते आणि मी कायम गाडीच्या पुढेच उभी राहून फोटो काढत होते.

पहिल्या दिवशी कॉलनीत गाडी लावली. पहिलं गिऱ्हाईक मागच्या दारानं आलं, रजई घेऊन!

मी भाजी लावण्यात गुंतलेली. सुभेदारांना वाटलं, ही काहीतरी मॅडमची स्कीम असणार, हुकूम आहे तर आहे. त्यांनी रजई घेतली, नीट घडी घातली आणि वर विचारलं, "नाम?" संध्याकाळी गाडी रिकामी करताना भेंडीच्या क्रेटखाली ती सापडली. तिला ओल्या भेंडीचे डाग पडलेले.

आम्ही ती आमच्या खर्चानं धुवून परत दिली. बाई खूश! म्हणाल्या, "सर्विस अच्छी है आपकी. अगली बार परदे देती हूँ."

*

श्रावणात राजबालाच्या बांधावर मला अंबाडी दिसली. इतक्या वर्षांत दिल्लीत अंबाडी पाहिली नव्हती हो! मी अक्षरशः धावले. "राजबाला, ये सब काट दो! देखना, हाथोंहाथ जाएगी!"

राजबाला माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या हरियाणवीत म्हणाली, "दीदी, इसकी तो हम रस्सी बटते हैं. भैंस बाँधने की. थम खाओगे इसने?" म्हणजे, तुम्ही खाणार हे?

मी तिला अंबाडीच्या भाजीवर मोठं व्याख्यान दिलं. कण्या, लसणाची फोडणी, वर कच्चं तेल, सगळं. बोलताना माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. कॉलनीत एकाही माणसानं हात लावला नाही. कॅम्पमधल्या बायकांनी जुडी उलटसुलट करून पाहिली आणि हसून ठेवून दिली. शेवटी सगळी अंबाडी आम्ही तिघांनी वाटून घेतली. फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा उरली नाही.

आठवडाभरानं माझा लेक ताटावर बसला आणि म्हणाला, "आई यार, आज पण रस्सी?"

*

सुभेदारांचं एकच म्हणणं, वेळ म्हणजे वेळ. सहाला गाडी गावातून निघणार म्हणजे निघणार. त्यांच्यापुढे आमच्या मंत्रालयाची वेळ कोण सांगणार?

एकदा राजबाला आणि तिच्या जावा ट्यूबवेलवर पालक, मुळे धूत बसल्या होत्या. सहा वाजले. सुभेदारांनी गाडी सुरू केली आणि निघाले. मी पुढच्या सीटवर होते, गाढ झोपेत. दुसरं कोण थांबवणार होतं? राजबाला मागून ओरडली म्हणे, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येतंय!

त्या दिवशी आधी मुनिरकात पोचलो. मी ताजीतवानी होऊन उतरले, पोरांना हाका मारल्या, "चलो चलो, एकदम फ्रेश माल है!" आणि नाटकातला पडदा उघडावा तसं मागचं दार उघडलं. आत रिकामे क्रेट आणि एक वजनकाटा.

पोरं आत डोकावली. त्यातल्या एकानं चष्मा सारखा केला आणि अगदी आदरानं विचारलं, "आंटी, कॉन्सेप्ट क्या है?"

*

मुनिरकाचंच अजून एक. तिथे मी रोज भोपळा घेऊन उभी राहायचे. लाल भोपळ्यात काय काय असतं ते सांगायचे, पोरं शांतपणे ऐकायची आणि एक पेरू घेऊन निघून जायची. मला वाटायचं, या पिढीला पोषणाचं काही पडलेलंच नाही!

शेवटी बीडची एक मुलगी, परीक्षांचा अभ्यास करणारी, हळूच म्हणाली, "काकू, रागावू नका. घरमालक गॅस ठेवू देत नाही. सगळ्यांकडे फक्त विजेची किटली आहे. किटलीत वरण होतं, अंडी होतात. भोपळा नाही होत."

फरीदानं तिथल्या तिथे माझ्याकडे असं पाहिलं, जसं ऑडिटमध्ये कुणाचं खोटं बिल सापडल्यावर बघत असेल. दुसऱ्या दिवसापासून तिनं मुनिरकासाठी माल बदलला. गाजर, काकडी, टोमॅटो, पेरू, कोवळे मटार. पोरांच्या उड्या पडल्या.

पण मी हार मानणारी नाही ना! घरी येऊन बारीक फोडी केल्या, किटलीत घातल्या आणि बटण दाबलं. ठप्प! आमच्या घरातले दिवे गेले, शेजारचे गेले, खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. अंधारातून आमच्या ह्यांचा शांत आवाज आला.

"शिजला का?"

*

आता दिल्लीकरांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे भाजीवर फुकट कोथिंबीर. सोबत दोन हिरव्या मिरच्या. तो त्यांचा जन्मसिद्ध हक्कच! आम्ही मात्र तत्त्वाची माणसं. पाटी लावली, 'एक दाम, धनिया अलग'.

गिऱ्हाइकं पिशवी पुढे करून उभी राहायची. आम्ही भाजी घालायचो, तरी पिशवी पुढेच. मी पाटीकडे बोट दाखवायचे. एक शर्माबाई तर भाजी परत क्रेटमध्ये ओतून गेल्या. "धनिया नहीं, तो सब्ज़ी किस बात की?"

आम्ही मीटिंग घेतली. कोथिंबिरीवर! फरीदा म्हणाली, "फुकट कोथिंबीर मी कुठल्या हेडखाली दाखवू?" सुभेदार म्हणाले, "रसद." ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी शर्माबाई परत आल्या. मी स्वतः उतरून त्यांना घसघशीत कोथिंबीर दिली, मिरच्या दिल्या, माफी मागितली. त्यांनी ती पिशवीत घातली, शेजारच्या ठेल्यावर गेल्या आणि तिथून दुधी, तोरी, आलू सगळं घेतलं. मी बघतेय असं पाहून गोड हसल्या.

"धनिया तो आपका ही ताज़ा है जी!"

*

हसताय ना? मीही हसते. पण या सगळ्या गोंधळात एका माणसाचं खरंच काहीतरी पणाला लागलं होतं, आणि ती राजबाला. तिच्या शेतात दर हिवाळ्यात गहू असायचा. गहू पेरणार, कापणार आणि विकणार तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. नवरा गेल्यापासून सगळं त्याच्याच हातात. यंदा गाडी सुरू झाली आणि माझ्या शब्दावर तिनं गव्हाऐवजी भाजी लावली. हो, माझ्याच शब्दावर! अंबाडी हातोहात जाईल म्हणणाऱ्या बाईच्या! पालक, मेथी, मुळा, बटाटे. जेठानं सगळ्या घरादेखत सांगितलं होतं, भाजी वेळेवर गेली तर ठीक. एकदा जरी शेतात सडली, तर त्याच दिवशी ट्रॅक्टर घालून गहू पेरणार आणि पुन्हा हा विषय नाही.

नोव्हेंबरात दिल्लीत धूर दाटला. समोरची इमारत दिसेना, घसा खवखवायला लागला आणि जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. आमची गाडी जुनी आणि डिझेलची. सुभेदारांनी सरकारी हुकूम वाचला, गाडीला सॅल्यूट केल्यासारखं केलं आणि चावी माझ्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी राजबालाचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज बसला होता. "दीदी, मेथी पीली पड़ने लगी. जेठ ट्रैक्टर में तेल भर रहा है."

मला रात्रभर झोप नाही. सकाळी राजबालाला कळवून तिघेही मेट्रोत बसलो. दोनदा गाडी बदलून ढांसा बस स्टँड नावाच्या स्टेशनला जायचं, जमेल तेवढी भाजी पाठीवर घेऊन यायचं, एवढाच प्लॅन. आणि जेठाला समजावायचं काम माझं. मी वाटभर हिंदीतून भाषण पाठ करत होते. "देखिए चौधरी साहब, आज की नारी..." फरीदा म्हणाली, "मीना, तू नको बोलूस. ट्रॅक्टर आजच घालेल तो."

इथे एक सांगायला हवं. राजबालाच्या घरात सून जेठाशी बोलत नाही. तोंडावर घूंघट, आणि समोरासमोर एक शब्द नाही. लग्न होऊन आल्यापासून नाही. काही सांगायचंच झालं तर पोराला सांगायचं, पोर नसेल तर म्हशीला. म्हणजे अंगणात उभं राहून म्हशीला म्हणायचं, "तेरा चारा तो आज कोई लाया ही नहीं." मग पलीकडे खाटेवर बसलेला जेठ मुकाट्यानं उठून चारा आणतो. वरून तोही म्हशीलाच म्हणतो, "ले, खा."

तर आम्ही स्टेशनच्या बाहेर आलो. समोर तोच ट्रॅक्टर! पण ट्रॅक्टरला मागे नांगर नाही, ट्रॉली होती आणि ट्रॉलीत पोती. पालक, मेथी, मुळे, बटाटे. वर बसली होती राजबाला, घूंघटात. पुढे जेठ, मोठी मिशी, चेहऱ्यावर एक रेष हलत नाही. मी गळा साफ केला, "देखिए चौधरी साहब..."

"देखो के हो?" तो म्हणाला. "उठाओ बोरी!"

मी पोतं उचललं. भाषण तिथेच संपलं.

तपासणीच्या मशीनपाशी गार्डनं अडवलं. स्क्रीनवर मुळ्यांची पानंच पानं. "ताऊ, चार सवारी और इतना सामान? नहीं जाएगा."

"तो सवारी बढ़ा लेते हैं," जेठ म्हणाला. ट्रॅक्टर कुणाच्या तरी भरवशावर सोडला, स्वतःसाठी तिकीट काढलं, दोन पोती खांद्यावर टाकली आणि आमच्या आधी आत गेला.

आम्ही बायका लेडीज डब्यात. मेथीचा वास डब्यात पसरला तशा ऑफिसला निघालेल्या मुली मास्क खाली करून विचारायला लागल्या, "आंटी, मेथी कैसे दी?" फरीदा म्हणाली, "गाड़ी में बेचना मना है. आर. के. पुरम उतरो." आणि उतरल्या की हो खरंच!

स्टेशनबाहेर, रस्त्याच्या कडेला आम्ही गोणपाट अंथरलं. बघता बघता बायका जमल्या. तीन दिवस कुणी शेतावरचा ताजा पाला पाहिला नव्हता. मी हिशोबात गोंधळ घालत होते, फरीदा तो सावरत होती, सुभेदार रांग लावत होते. जेठ पोती आणून रचत होता. त्यानं पालकाचं पोतं ठेवलं आणि त्यावर बटाट्याचं अख्खं पोतं धाडकन टाकलं.

राजबालानं ते पाहिलं. तिचे हात थांबले. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पोर नव्हतं, म्हैस नव्हती. मी मधे पडायला पुढे सरकले, तर फरीदानं माझा दंड धरून मागे ओढलं.

"आलू नीचे रखो!" घूंघटातून आवाज आला. "मेरी पालक दब रही है!"

जेठ तसाच उभा राहिला. बायका तराजूकडे बघत होत्या, त्यांना काय माहीत! सुभेदारांनी रांग लावायची थांबवली.

जेठानं वाकून बटाट्याचं पोतं उचललं, बाजूला जमिनीवर ठेवलं. पालकाचं पोतं त्यावर नीट चढवलं. मग मिशीवरून हात फिरवला आणि राजबालाकडे वळून विचारलं,

"और मेथी?"