चादरींच्या खोलीतलं युद्ध

आमच्या आईनं वडिलांचं नाव जन्मात घेतलं नाही. ‘हे’ म्हणायची. मी ज्याच्याबरोबर राहतो त्याला मीही ‘हा’च म्हणतो. नाव घेतलं की आम्ही शेजाऱ्यांना वाटतो तसे दोन भाडेकरू होतो, ‘हा’ म्हटलं की संसार वाटतो.

हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करतो, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर मोर, कमळं आणि परदेशी हॉटेलांची अक्षरं. दोघंही चाळिशी ओलांडलेले. भाजी कोण आणणार यावरून कुठल्याही घरात होतात तेवढी भांडणं आमच्यातही व्हायची. अशात यानं गोष्ट लिहायला घेतली.

गोष्ट युद्धाची होती आणि युद्ध अंतराळात. एक मोठी युद्धनौका, तिचा कडक कप्तान, आणि तोफांवर बसणारा एक गोलंदाज. सैन्याचा नियम असा की एकाच नौकेवरच्या दोघांनी एकमेकांत जीव गुंतवायचा नाही. आणि या दोघांचा तर गुंतलेला. यानं मला पहिला भाग वाचून दाखवला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मराठीत दोन पुरुषांचं असं सरळ प्रेम, तेही वर्दीतलं, कुणाची माफी न मागता, मी कधी वाचलंच नव्हतं. मी म्हणालो, “हे छापून नको ठेवूस. हे ऐकवायला पाहिजे.”

म्हणजे सल्ला माझाच.

फोनवर गोष्टी ऐकायचं एक ॲप असतं, त्यावर टाकायचं ठरलं. मागच्या खोलीत स्टुडिओ केला. कारखान्यातून डाग पडलेल्या, सेकंडच्या चादरी मी स्कूटरवर बांधून आणल्या, दोऱ्या ताणून चारी भिंतींवर सोडल्या. आवाज घुमायचा थांबला. कप्तान हा स्वतः झाला. गोलंदाजासाठी यानं एका नटाला बोलावलं. दिवसा औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांकडे फिरणारा आणि संध्याकाळी एकांकिका करणारा माणूस, आमच्याहून दहाएक वर्षांनी लहान. दिसायला साधाच. पण तोंड उघडलं की आवाज असा, की मीसुद्धा हातातलं काम ठेवून ऐकायचो.

रेकॉर्डिंग सुट्टीच्या दिवशी दुपारी. सोलापूरचा एप्रिल, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. ते दोघं एका माईकपुढे, खांद्याला खांदा लावून. आणि मी खिडकीपाशी, घंटागाडीचं गाणं आत येऊ नये म्हणून जास्तीची चादर दोन्ही हातांनी काचेवर दाबून धरलेला.

तिथं उभं राहून मी ऐकलं : “तुझा आवाज आला नाही तर या अंधारात मला दिशा कळत नाही.”

हे हा म्हणत होता. माझ्याकडे पाठ करून, दुसऱ्याला. मला याच तोंडून इतक्या वर्षांत “गॅस बंद केलास का” आणि “चावी घेतलीस का” याच्या पलीकडे फारसं काही ऐकू आलेलं नव्हतं. भाग संपला. नट घामानं निथळत होता. यानं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि त्याची मान पुसली. टॉवेलवरचा मोर मी काढलेला होता.

नट गेल्यावर मी याला विचारलं, “माझ्याशी कधी बोललास का असं?”

“अरे, ते लिहिलेलं असतं.”

“मग लिहून बोल.”

हा हसला. मला हसू येत नव्हतं. मग मी मोजून बोलायला लागलो. नट आला की पाणी देऊन बाहेर जायचो आणि दाराला कान लावायचो. भाग ॲपवर आला की तो कारखान्यात कानात घालून पुन्हा ऐकायचो. नटाच्या श्वासांच्या जागा मला पाठ झाल्या. ऐकणारे खाली लिहायचे, ‘हे दोघं खरेच एकमेकांचे असणार.’ एकदा जेवता जेवता मी म्हणालो, “मारून टाक त्याला.”

“कुणाला?”

“गोलंदाजाला. युद्ध चाललंय ना? माणसं मरतात युद्धात.”

यानं घास खाली ठेवला. मी पुढचं विचारूनच टाकलं, “तुला आवडतो तो?”

हा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण हा विचार करून म्हणाला, “आवाज फार आवडतो. तोही थोडा आवडतो. त्याच्यापुढे काही नाही.”

मी दुसऱ्या दिवशी गावी, वैरागला अक्काकडे गेलो. रजा टाकली, कारण सांगितलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून साड्यांना फॉल-पिको करते. पोचलो तर मशीनजवळ फोन लावून ठेवलेला आणि त्यातून ओळखीचा कप्तान बोलत होता. मी दारातच थांबलो.

“ये की आत,” अक्का म्हणाली. “ही तोफांची गोष्ट ऐकतीया. लई जीव लावलाय बघ त्या दोघांनी. सेजारणीला वाटलं, गोलंदाज म्हंजे क्रिकेटचं कायतरी हाय.”

तिनं दात लावून दोरा तोडला.

“तुझ्या दोस्ताचाच आवाज हाय न्हवं? मी पयल्याच दिशी वळखला. दिवाळीला आला की तुझ्यासंगं. भाकरी करू लागला मला.”

“व्हय, त्याचाच,” मी म्हणालो. तिच्यापुढे माझी शहरी भाषा टिकत नाही.

“चांगलं लिवलंय. पर मी हुडकतीया कवाधरनं. तू कुटं हायेस त्यात?”

तिला किती ठाऊक होतं, कधीपासून होतं, ते मी त्या दिवशीही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. चहा झाला, चहाबरोबर शेंगाचे लाडू झाले. मुक्कामाचं ठरवून गेलो होतो तो संध्याकाळच्या एसटीनं परत आलो.

यानं दार उघडलं तसं मी चप्पल न काढताच विचारलं, “मी कुठं आहे रे तुझ्या गोष्टीत?”

“नाहीस.”

“का?”

“मुद्दाम नाही घेतलं. त्या गोष्टीत जो येतो तो कधी ना कधी मरणार. तुला कशाला नेऊ तिथं?”

उत्तर चांगलं होतं. चांगलं होतं म्हणूनच मला जास्त राग आला. ते कप्तानाच्या तोंडी शोभण्यासारखं होतं, आणि हे खरं की लिहिलेलं, ते मला आता ओळखता येत नव्हतं. तरी मी चप्पल काढली. जेवलो.

पुढे पाऊसकाळ संपता संपता नटाची पुण्याला बदली झाली. निघताना त्यानं मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाला, “सरांना सांभाळा.” मला सांगणारा तो कोण! पण गेला एकदाचा, म्हणून मी बाजारातून आंबा बर्फी आणली. यानं ती खाल्ली नाही. हा पार मुका झाला. वर्गावर जायचा, यायचा, गॅलरीत बसायचा. माणूस समोर होता तेव्हाची जळजळ मी सोसली होती. तो गेल्यावर उरलेल्या शांततेचं काय करावं ते मला कळेना. शांततेची मान कशी धरणार?

मग यानं नवा भाग लिहिला. गोलंदाज छोट्या यानातून टेहळणीला जातो आणि हरवतो. कप्तान एकटा बसून त्याला हाका मारत राहतो. नटाची गरजच नव्हती. पुन्हा ती खोली, पंखा बंद, मी खिडकीशी चादर धरून.

“ऐकू येतंय का?” हा माईकमध्ये म्हणाला. थांबला. “कुणी आहे का? ऐकू येतंय का?”

यानं किती वेळा विचारलं आठवत नाही. दर वेळी आवाज खाली जात होता. हा पुण्याला हाका मारतोय हे मला दिसत होतं आणि ते मला सहन होत नव्हतं. माझ्या हातातून चादर सुटली.

“येतंय की ऐकू!” मी ओरडलो. “हितंच हाय मी. कवाधरनं हितंच हाय.”

भाग बिघडला असं मला वाटलं. यानं मागे वळून पाहिलं नाही. कप्तानाच्याच आवाजात विचारलं, “कोण बोलतंय? कुठल्या नौकेवरून?”

आता काय बोलणार?

“नौका बारकी हाय,” मी म्हणालो. “पर चालू हाय.”

“किती लांब आहात?”

“लांब न्हाय. तुमीच कवा हिकडं बघितलं न्हाय.”

यानं माईक बंद केला. मग माईकपाशी तसाच पाठमोरा बसून राहिला आणि याचे खांदे हलायला लागले. मी पंखा लावला.

ते बोलणं यानं काढून टाकलं नाही. भाग तसाच गेला. ऐकणाऱ्यांनी भांडणं केली. निम्म्यांना गोलंदाज परत हवा होता, निम्मे विचारत होते की बारक्या नौकेवरचा हा गडी कोण. आता दर सुट्टीला मलाही माईकपुढे उभं राहावं लागतं. मी वाईट बोलतो. हा चुका काढतो, पण माझं ‘हाय न्हाय’ सुधारत नाही.

एकदा जेवताना पुण्याहून फोन आला. यानं स्पीकरवर टाकला.

“सर, ऐकला भाग,” नट म्हणाला. “हा कोण आणलात नवीन?”

“इथलाच आहे.”

“बरा आहे,” तो म्हणाला. “जरा गावठी वाटतो.”

तो जळका सूर मला चांगला ठाऊक होता. मी आणखी एक भाकरी वाढून घेतली.

मग यानं स्पीकर बंद केला आणि बोलत बोलत गॅलरीत गेला. बराच वेळ बोलत होता, मध्ये एकदा हसलाही. मी ताटं घासायला घेतली होती. नळ बारीक केला. तरी नीट ऐकू येईना, तेव्हा बंदच केला.