भुईगावच्या वाळूत माझा नियंत्रित गट

पेपर तपासून झाले आणि मी मार्कांची बेरीज पुन्हा केली. चष्मा पुसून आणखी एकदा केली. उत्तर तेच. पाचवी ब ने पाचवी अ ला चक्क धोपटलं होतं, आणि माझं एम.एड. समुद्रात बुडायला निघालं होतं.

वर्गाला चांगले मार्क पडले तर बाईंनी रडायचं काय कारण, असं तुम्ही म्हणाल. सांगते. मी तेव्हा नुसती शिक्षिका नव्हते, संशोधक होते! चाळिशी उलटल्यावर एम.एड.ला नाव घातलं आणि त्या दिवशी ताठ झालेली माझी मान काही खाली येईना. भाजी खारट झाली तरी मी तिच्यावर निष्कर्ष काढायची. नवरा म्हणायचा, "संशोधकबाई, आधी चाखून बघत जा."

खेळातून अपूर्णांक जास्त चांगले कळतात का, हा माझा विषय. पद्धत प्रायोगिक. म्हणजे साधारण सारखे दोन गट घ्यायचे. एकाला नव्या रीतीने शिकवायचं, तो प्रायोगिक गट. दुसऱ्याला नेहमीसारखंच, तो नियंत्रित गट. शेवटी दोघांना एकच चाचणी द्यायची आणि फरक बघायचा. आमच्या भुईगावच्या शाळेत पाचवीच्या दोन तुकड्या होत्याच. अ ला खेळ, ब ला फळा, मध्ये भिंत. मला वाटलं, झालं काम!

खेळ सोपा. पुठ्ठ्याची भाकरी, तिचे बारा तुकडे. मी ओरडायचं, "अर्धी आणि पाव!" मुलांनी तुकडे जोडून पाऊण दाखवायची. शिवाय खबरदारी म्हणून मी अ तुकडीला रोज दम भरायची, "हा खेळ कोणाला सांगायचा नाही हं. ब तुकडीला तर मुळीच नाही!"

हसा, हसा. भुईगावात पोरांना गुपित सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. इतकी वर्षं तिथे शिकवूनही या विदुषीला ते कळलं नव्हतं.

मी ब तुकडीतल्या जोस्लीनला बोलावलं. "खरं सांग, अपूर्णांक कोणी शिकवले?"

"टीचर, आम्ही कॉपी नाय केली."

"मग?"

"मानसी बोलली, टीचरने एक गोष्ट कोणाला सांगायची नाय बोललंय. मग आम्ही तिला सोडलीच नाय."

मानसी अ तुकडीतली. दोघींच्या वाड्या एकमेकींना लागून, दोघी संध्याकाळी एकाच किनाऱ्यावर. तिथे पुठ्ठा कुठला? पोरांनी ओल्या वाळूत मोठी गोल भाकरी आखली आणि बारा घरं पाडली. कोणीतरी दोन अपूर्णांक ओरडायचे, बाकीच्यांनी बेरजेच्या घरात उडी मारायची. चुकला तो एका पायावर. अ ची मुलं जाणकार, म्हणून ती नुसते हुकूम सोडायची. उड्या मारायची ब ची मुलं. मार्क त्यांनाच पडणार!

मी रडवेली होऊन गाइड मॅडमकडे गेले. प्रबंध द्यायला महिनासुद्धा उरला नव्हता.

"तुलना संपली तुमची," त्या म्हणाल्या. "नियंत्रित गटाला खेळ मिळाला, म्हणजे तो नियंत्रित राहिला नाही."

"मग माझं वर्ष गेलं?"

"अहो, मुलं शिकली ना? कशी शिकली ते जाऊन बघा. निरीक्षण करा, त्यांच्याशी बोला. आणि घडलं तसंच लिहा."

गेले. सुरूच्या झाडाखाली फाइल घेऊन बसले. मला पाहताच सगळी रांगेत उभी राहिली, "गुऽड इव्हनिंग टीऽचर" झालं आणि बेचा पाढा सुरू! दुसऱ्या दिवशीही तेच. निरीक्षणातली ही जुनीच डोकेदुखी आहे: बघणारा आला की बघायची गोष्ट पळून जाते.

शेवटी जोस्लीनलाच माझी दया आली. "टीचर, खेळायचं तर खेळा. तुम्ही अशा बघता तर परीक्षेसारखं वाटतं."

पुस्तकात याला सहभागी निरीक्षण म्हणतात. मी पदर खोचला आणि वाळूत उतरले. मानसी ओरडली, "एक तृतीयांश आणि एक षष्ठांश!"

मी मनात लसावि काढायला लागले. तोवर "चार घरं नि दोन घरं" म्हणत जोस्लीन सहाव्या घरात पोचलीसुद्धा. अर्धी भाकरी!

"टीचर, पाय वर!"

वर केला. एक क्षण बगळ्यासारखी उभी राहिले आणि मग साडीसकट ओल्या वाळूत बसले. काय हसली पोरं! मीही इतकी हसले की मला उठवायला चौघं लागली. त्यानंतर मी टीचर आहे हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. ती भांडली, एकमेकांना समजावू लागली, चुका काढू लागली. मला हवं ते सगळं माझ्या नाकासमोर घडत होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी गंभीरपणे विचारलं, "निरीक्षक म्हणून तुमची नेमकी भूमिका काय होती?"

"एका पायावर उभं राहण्याची, सर."

गाइड मॅडमना जोराचा ठसका लागला. सरांनी सगळा खेळ समजावून घेतला. मग निष्कर्षातलं "सिद्ध झाले" खोडून "दिसून आले" लिहिलं आणि मला पास केलं.

नव्या संशोधकांना माझं सांगणं एवढंच: गट पाडण्याआधी मुलं शाळा सुटल्यावर कुठे जातात ते बघून या. आणि जाताना जुनी साडी नेसा.