नख न शिरणारी फरशी

आमच्या धंद्यात मला ‘नखवाले’ म्हणतात. फरशी बसवून झाली की मी गिऱ्हाइकाला बोलावतो, दोन टाईलच्या सांध्यावर त्याचाच अंगठा टेकवतो आणि म्हणतो, “घाला नख. शिरलं तर पुन्हा थापी हातात धरणार नाही.” आजवर कुणाचं शिरलेलं नाही. या एका गोष्टीवर मी जन्मभर भाव खाल्ला. जेवताना बायकोलाही सांध्यांबद्दलच सांगायचो. ती बिचारी म्हणायची, “हो, कळलं. आता घास गिळा.”

आमची मुलगी भूगोल शिकवते. घराण्यात फळ्यापाशी पोचलेली ती पहिलीच, बाकी आम्ही सगळे जमिनीपाशी. शाळेत ती अजून कायम झाली नव्हती, तरी सभागृहाची फरशी बदलायचं निघालं तेव्हा तिने धीर करून माझं नाव सुचवलं. काम संपत आलं असताना मधल्या सुट्टीत ती आली आणि भिंतीपाशी उकिडवी बसली.

“बाबा, इथे कडेला जागा नाही सोडलीत?”

“कशाला?”

“उन्हाने फरशी फुगते. तिला सरकायला थोडा वाव नको?”

मी मोठ्याने हसलो. “आता तू मला फरशी शिकवणार? मी बसवतो ती फरशी बसते. सरकणारी बसवणारे वेगळे.” आणि ती गेल्यावर, केवळ तिला दाखवायचं म्हणून, भिंतीची कड मी सिमेंटने ठासून भरली. तिथेही नख शिरेना. मी खूश.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर तिचा पाठ ठरला. तपासणीस साहेब येणार, पाठ पाहणार, त्यांना पटलं तर ती कायम होणार, नाहीतर दुसरी शाळा शोधायची. साहेब, बाकीचे शिक्षक, सगळे मावावेत म्हणून पाठ सभागृहात ठेवला होता. मला राहवेना. आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, “मी उंबरा तपासायच्या निमित्ताने दाराशी बसेन. तू ओळख दाखवू नकोस. साहेबांसमोर सिमेंटचे हात कशाला मध्ये?”

“बघू,” एवढंच ती म्हणाली.

पाठ सुरू झाला. ती सांगत होती, जमीन एकसंध नाही, तिचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते सरकतात. किती? वर्षाला साधारण आपलं नख वाढतं तेवढे. नखाचं नाव निघताच मी दाराशी ताठ बसलो, जणू माझाच सत्कार चाललाय. पुढे ती म्हणाली, समुद्राचा तळ जड असतो. तो जमिनीला भिडला की मुकाट्याने तिच्याखाली वळतो आणि तिथे समुद्रात खोल खंदक पडतो. “पण दोन्हीकडून जमीनच आली तर? दोघी हलक्या. मग खाली कुणी जायचं?” हे दाखवायला तिने टेबलावर दोन घड्या घातलेल्या चादरी एकमेकींवर ढकलल्या. चादरी नुसत्या लोळल्या. मागची मुलं चुळबुळायला लागली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात माझी फरशी बोलली.

फाड्कन आवाज झाला. सभागृहाच्या मधोमध दोन टाईल एकमेकींना टेकून छपरासारख्या उभ्या राहिल्या. मग त्यांच्या शेजारच्या दोन, मग पुढच्या, असं करत खिडकीपर्यंत सगळी ओळ उठली. मुलं बाकांवर चढली, साहेबांचं पेन पडलं. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं आणि मला क्षणात सगळं उमगलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण मी ती इतकी घट्ट बसवलेली, दुभंगणार कुठून?

माझ्या हट्टापायी पोरीची नोकरी चालली होती. मी हातोडी घेऊन आत धावलो. “सरका, सरका! फोडून काढतो!”

“थांबा. हात लावू नका.” बोलली मुलगी, पण आवाज थेट तिच्या आईचा. मी जागच्या जागी बसलो.

साहेबांनी विचारलं, “ही फरशी कुणी बसवली?”

“असेल कुणीतरी कच्चा गडी,” मी टाईल निरखत म्हणालो. हो, म्हणालो खरा.

“माझ्या बाबांनी,” ती म्हणाली. “हे काय, हेच. कडेला जागा सोडा म्हणून मी सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.”

सगळं सभागृह हसलं. मला हसू येईना, पण तिने ‘माझ्या बाबांनी’ म्हणताना आवाज जराही खाली केला नव्हता, हे मात्र मला ऐकू आलं. तिने मुलांना जवळ बोलावलं.

“फरशी उन्हाने फुगली, भिंती सरकू देईनात. दोन टाईल भिडल्या. यातली खाली कोणती गेली?”

“कोणतीच नाही!”

“मग?”

“दोघी वर गेल्या, बाई,” पुढची एक मुलगी म्हणाली.

“हाच पर्वत. खरा व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. काही तर अजून वाढताहेत.”

कुणीतरी विचारलं, “आणि समुद्र कसा होतो?” ती माझ्याकडे वळली. “बाबा, दाराजवळ त्या दोन उरलेल्या टाईल आहेत, त्या घ्या. हळूहळू लांब ओढा.” मी गुडघ्यांवर बसून ओढल्या. “जमीन अशी फाटून दूर गेली की खालून वितळलेला खडक वर येतो, थिजतो, त्याचाच नवा तळ होतो. वर पाणी भरतं. तुकडे लांब जातील तसा समुद्र रुंद होतो.” जन्मभर फटी बुजवल्या आणि आता भर वर्गात फट रुंदावत बसलो होतो, तीही अगदी मन लावून.

साहेबांनी त्या डोंगराला बुटाचं टोक लावून पाहिलं. “काय मिस्त्री, आता याचं काय करणार?”

जिभेवर बरंच होतं. ऊन फार, टाईल हलकी, इमारत जुनी. बाहेर मात्र वेगळंच आलं. “बाई सांगतील तसं.”

लाडाने आणि रागाने मी तिला काय काय म्हटलं असेल, पण बाई कधी म्हटलं नव्हतं. ती फळ्याकडे वळली आणि जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे पुसायला लागली.

ती कायम झाली. माझ्या डोंगरामुळे झाली, असं मी सगळ्यांना सांगतो. डोंगर असूनही झाली, असं बायको सांगते.

सुट्टीत ती फरशी मी उखडून पुन्हा बसवली. भिंतीच्या कडेला बोटभर जागा सोडली. ती झाकायची पट्टी लावण्याआधी मात्र मुलीला बोलावणं धाडलं. ती उकिडवी बसली, फटीत बोट घातलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवत गेली. मी मागे हात बांधून उभा.

“सरकेल ना, बाई?”

“सरकेल, बाबा.”

इतक्या गिऱ्हाइकांचे अंगठे धरून मी स्वतःला शाबासकी देत आलो. पास झाल्यासारखं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.