शेवईएवढा तुकडा

माझा धाकटा भाऊ दत्ता फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी सात वाजता वल्लभनगर स्टँडवरून उमरग्याच्या एसटीत बसला. त्याच्या डाव्या मांडीत गाठ होती. ती कर्करोगाची आहे हे ठरलं होतं. कोणत्या प्रकारची, हे ठरलं नव्हतं.

गावाकडून सगळे विचारतात, एवढ्या तपासण्या झाल्या तर नाव का कळलं नाही. झालं ते क्रमाने लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी याच स्टँडवर मी त्याला उतरवून घेतलं होतं. आई फोनवर म्हणाली होती, "त्याला डोळ्याआड करू नको." मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत होते. त्याला जवळच्याच प्रेस शॉपमध्ये लावून दिलं. चिंचवडच्या दोन खोल्यांत शिफ्ट जुळली तरच आमची गाठ पडायची. सुरुवातीला पोळ्याला आणि दिवाळीला गावी जायचो. पुढे नुसती दिवाळी राहिली.

मांडी सुजली तेव्हा एखादा पार्ट लागला असेल, असं दोघंही धरून चाललो. चार महिने बाम चोळला. मग डॉक्टरांनी सुईने शेवईएवढा तुकडा काढला. तो मेणाच्या वडीत बसवतात, तिला ब्लॉक म्हणतात. तिचे पातळ काप काचेवर घेऊन तपासतात.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. दोन प्रकारचे सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागांतले कर्करोग, सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखेच दिसतात. एकाला केमो बऱ्यापैकी लागू पडते, दुसऱ्याला फारशी नाही. फरक कळतो तो पेशींमधल्या ठरावीक प्रथिनांवरून, म्हणजे मार्करवरून. एका कापावर एक मार्कर लावतात. तपकिरी रंग चढला, तर ते प्रथिन आहे.

पहिल्या लॅबने लिहिलं, दोन्हीपैकी एक. नक्की ठरवायला आणखी एक तपासणी हवी. कारखान्यात एका गेजच्या मापावर शंका आली की आम्ही दुसऱ्या गेजवर पडताळतो. मी त्याच दिवशी ब्लॉक मागून घेतला आणि डॉक्टरांना न विचारता दुसऱ्या लॅबला दिला. त्यांनी तेच मार्कर पहिल्यापासून पुन्हा लावले. निष्कर्ष तोच आला. राहिलेल्या तपासणीसाठी ब्लॉक परत नेला, तेव्हा तुकडा कापांतच संपून त्यात मेणच उरलं होतं. तोडून तपासायचा नग संपला तर आम्ही लॉटमधून दुसरा उचलतो. इथे लॉट नव्हता.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा सुई घालावी लागेल, नाव ठरल्याशिवाय औषध ठरवता येणार नाही. दत्ता नाही म्हणाला. मी समजावलं, रागावले, आईला फोन लावून दिला. तो पिशवी भरत राहिला.

"अक्का, तुमच्या कंपनीत माल रिजेक्ट करताना कारण तरी लिहितेत," तो म्हणाला. "माझ्या कागदावर 'हे नाहीतर ते' लिहिलंय. जातो मी गावाकडं. तू ड्युटी बुडवू नको."

मी ड्युटी बुडवली नाही. त्याला गाडीत बसवून चाकणला गेले.

त्यानंतर दोनदा गावी जाऊन आले. दोन्ही वेळा तो नाहीच म्हणाला. आता घर म्हणजे रविवारचा फोन. मांडी दर आठवड्याला मोजा, एवढं मी मागितलं आणि ते त्यांनी मानलं. आई शिवणाची टेप धरते. तिला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून दत्ताच वाचून सांगतो. गेल्या रविवारी चोपन्न सेंटिमीटर होती. या रविवारी छप्पन्न.